शॉकची भिंत आणि हवेतली खळबळ

ध्वनीपेक्षा वेगाने उडणारं विमान खूप उंचावरून गेलं, की थोड्या वेळाने जमिनीवर मोठा धडाका ऐकू येतो. हे बहुतेकांना माहीत असतं. पण हा धडाका सगळीकडे सारखा ऐकू येत नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. १९६०च्या दशकात या आवाजांची पद्धतशीर मोजणी सुरू झाली, तेव्हा एका ओळीत ठेवलेल्या मायक्रोफोननी एकाच उड्डाणाचे वेगवेगळे आवाज टिपले. एका ठिकाणी कानठळ्या बसवणारा तडाखा, तर काहीशे मीटरवर नुसताच दबका धप्प. विमान तेच, उंची तीच, वेगही तोच. पहाटेच्या शांत हवेत हा फरक कमी दिसायचा. दुपारी जमीन तापून हवा ढवळली जाऊ लागली, की तो वाढायचा.

म्हणजे विमानापासून निघालेला धक्का जमिनीजवळच्या ढवळलेल्या हवेतून वाट काढत येतो, आणि त्या वाटेवर त्याचं रूप बदलतं. धक्का आणि खळबळ यांच्या या गाठीभेटीचं शास्त्र मला द्रव-वायूंच्या सगळ्या विज्ञानातला सर्वांत सुंदर आणि सर्वांत दुर्लक्षित भाग वाटतो. पुस्तकांमध्ये दोघांची प्रकरणं वेगळी असतात. एका प्रकरणात धक्का, सरळ रेघेसारखा आखलेला आणि जागचा न हलणारा. दुसऱ्यात खळबळ, भोवऱ्यांनी भरलेली. प्रत्यक्षात ते भेटतात तेव्हा ती रेघ ना सरळ राहते ना स्थिर, आणि तिच्या या थरथरण्यावरच पुढचं बरंच काही ठरतं.

आधी धक्क्याबद्दल. मराठीत त्याला आघात तरंग म्हणतात. या क्षेत्रातली माणसं सरळ ‘शॉक’ म्हणतात, तोच शब्द इथे वापरतो. हवेत एखादी वस्तू पुढे सरकते तेव्हा समोरच्या हवेला तिची चाहूल दाबाच्या बारीक लहरींमधून लागते. या लहरी ध्वनीच्या वेगाने धावतात, २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. वस्तू यापेक्षा हळू असेल तर हवेला बाजूला व्हायला सवड मिळते. वस्तूच ध्वनीपेक्षा वेगवान असेल तर तिच्या येण्याची बातमी तिच्या पुढे पोहोचूच शकत नाही. बेसावध हवेला मग एका क्षणात, एका अतिशय पातळ पडद्यात आपली सगळी अवस्था बदलावी लागते. तो पडदा म्हणजे शॉक. एर्न्स्ट माख आणि पेटर झाल्शर यांनी १८८६ साली सुसाट जाणाऱ्या बंदुकीच्या गोळीचे फोटो काढले. त्यांत गोळीच्या टोकापुढे हा पडदा स्पष्ट दिसला. वस्तूचा वेग ध्वनीच्या किती पट आहे हे सांगणारा आकडा आज माखच्याच नावाने ओळखला जातो.

पडदा किती पातळ? हवेचा एक रेणू दुसऱ्यावर आदळण्याआधी जमिनीलगतच्या हवेत सरासरी ७० नॅनोमीटरच्या आसपास अंतर जातो. जोरदार शॉकची जाडी अशा मोजक्याच टकरींएवढी असते, म्हणजे केसाच्या जाडीचा शंभरावा भागही नाही. आणि एवढ्याशा जागेत काय काय घडतं पाहा. माख २ वेगाची, २० अंश तापमानाची हवा सरळ उभ्या शॉकमधून गेली, की तिचा दाब साडेचार पट होतो, घनता २.६७ पट होते आणि तापमान २२० अंशांच्या वर जातं. वेग मात्र सेकंदाला ६८६ मीटरवरून थेट २५७ वर येतो. हे आकडे १९व्या शतकात रँकिन आणि ह्युगोनिओ यांनी मांडलेल्या समीकरणांतून कागदावर काढता येतात. वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांचा जमाखर्च दोन्ही बाजूंना जुळला पाहिजे, एवढीच त्यांची अट. मात्र येणारी हवा एकसारखी, शांत आहे हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं.

दुसरा पक्ष टर्ब्युलन्सचा, म्हणजे खळबळीचा. विमानप्रवासामुळे हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडून दाखवलं, की वेग एका मर्यादेपलीकडे गेला की सुबक धार अचानक विस्कटते आणि सगळं पाणी भोवऱ्यांनी भरून जातं. या भोवऱ्यांची एक उतरंड असते. मोठे भोवरे मुख्य प्रवाहातून ऊर्जा घेतात, फुटून लहान होतात, लहान आणखी फुटतात. शेवटी इतके बारीक होतात की द्रवाचा किंवा वायूचा चिकटपणा त्यांना थांबवतो आणि त्यांची ऊर्जा उष्णतेत विरते. अंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ साली या उतरंडीचं गणित मांडलं. त्यांचा एक मुद्दा आपल्याला पुढे लागणार आहे: अगदी बारीक भोवऱ्यांना मुख्य प्रवाह कोणत्या दिशेला होता याची आठवण राहत नाही, ते सगळ्या दिशांना सारखे फिरतात.

आता भेट. एक गोलसर भोवरा माख २ च्या धारेबरोबर वाहत शॉकपाशी येतो. पुढचा भाग आधी पडद्यात शिरतो आणि त्याचा वेग कमी होतो. मागचा भाग अजून सुसाट येतच असतो. परिणामी भोवरा धारेच्या दिशेने चेपला जातो, २.६७ पट आखूड होतो, पण उंची-रुंदी तीच राहते. चेंडूची चकती झाली म्हणा ना.

चेपल्याचा फिरण्यावर काय परिणाम होतो हे भोवरा कसा आडवा-उभा आहे त्यावर ठरतं, आणि ही बाब थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. समजा भोवऱ्याचा अक्ष शॉकच्या पडद्याला समांतर आहे, लाटणं भिंतीला टेकवून आडवं धरावं तसा. शॉकमधून जाताना त्याचा छेद एका दिशेने दबतो, क्षेत्रफळ कमी होतं. फिरण्याचा एकूण साठा मात्र तोच राहायला हवा, त्यामुळे कमी जागेत तोच साठा म्हणजे फिरण्याची तीव्रता वाढणार. हात जवळ घेतल्यावर गिरकी घेणारा स्केटर वेगाने फिरू लागतो, त्याच जातीचं कारण. आता लाटणं भिंतीत खुपसायचं असल्यासारखं धरा, अक्ष प्रवाहाच्या दिशेने. हा भोवरा लांबीने आखडतो, पण त्याच्या गोल छेदाला धक्का लागत नाही. म्हणून त्याची फिरण्याची तीव्रता जवळपास आहे तशीच राहते. येताना सगळ्या दिशांना सारखी असलेली खळबळ शॉकपलीकडे एकांगी होऊन बाहेर पडते: काही भोवरे तेज झालेले, काही जसेच्या तसे, आणि सगळेच आधीपेक्षा बारीक.

इथवर शॉक हा करणारा आणि भोवरा हा सोसणारा होता. पण भोवऱ्याच्या एका बाजूला हवा सरासरीपेक्षा वेगाने येते, दुसऱ्या बाजूला हळू. जिथे वेगाने येते तिथे पडदा थोडा मागे रेटला जातो, जिथे हळू येते तिथे पुढे सरकतो. पडद्याला सुरकुती पडते. सुरकुतलेल्या पडद्याच्या प्रत्येक बिंदूवर उडी वेगळी, कुठे दाब साडेचार पटींहून थोडा जास्त वाढतो, कुठे थोडा कमी. मागच्या बाजूला त्यामुळे तापमानाचे डाग पडतात, नवे भोवरे तयार होतात आणि ध्वनीच्या लहरीही निघतात. भोवरा आणि शॉक यांच्या एकाच टकरीतून निघणारी ध्वनिलहर चार तुकड्यांत विभागलेली असते, आळीपाळीने एकात दाब जास्त, शेजारी कमी. शॉक पुन्हा सरळ होऊ पाहतो, तोवर पुढचा भोवरा हजर असतो.

हे सगळं नीट बांधणारी कल्पना १९५३ साली लेस्ली कोवाझ्नाय यांनी दिली. दाबल्या जाणाऱ्या प्रवाहातली कुठलीही बारीक खळबळ तीन घटकांत सोडवता येते, असं त्यांनी दाखवलं: एक घटक फिरण्याचा, एक तापमानाच्या डागांचा, एक ध्वनीचा. खळबळ क्षीण असेल तर तिघं एकमेकांत लुडबुड न करता आपापल्या वाटेने जातात. त्याच सुमारास हर्बर्ट रिब्नर यांनी गणिताने सिद्ध केलं, की शॉक हा करार मोडतो. शॉकवर फक्त फिरणं जरी आदळलं तरी पलीकडून तिन्ही बाहेर पडतात: फिरणं, डाग आणि ध्वनी. संगणक हाताशी नसताना, कागद-पेन्सिलीवर केलेलं हे काम वाचताना आजही मला नवल वाटतं.

रिब्नर यांच्या गणितातून आणखी एक अनपेक्षित गोष्ट निघाली. भोवऱ्यांची रचना शॉकला एका ठरावीक कोनापेक्षा जास्त तिरकी असेल, तर पलीकडे निघणारी ध्वनिलहर दूर जातच नाही, शॉकच्या मागेच विरून जाते. विरताना ती आपली ऊर्जा भोवऱ्यांच्या हालचालीला देऊन टाकते. त्यामुळे शॉक ओलांडल्याच्या लगेच नंतर धारेच्या दिशेची खळबळ कमाल नसते. ती थोडं पुढे जाऊन, साधारण एका मोठ्या भोवऱ्याएवढ्या अंतरावर वाढते, आणि मग हळूहळू शमते. शॉक मागे पडला तरी त्याचं देणं काही अंतरापर्यंत चुकतं होत राहतं. पुढे संगणकांवर हेच शिखर दिसलं.

शॉक जितका जोरदार तितकी खळबळ जास्त वाढेल, असं वाटणं साहजिक आहे. काही प्रमाणात ते खरंही आहे, पण माख ३ च्या पलीकडे ही वाढ जवळपास थबकते. याचं एक कारण घनतेत आहे. हवेसारख्या वायूत तापमानाने रेणूंची रचना बदलेपर्यंत, शॉक कितीही जबर असला तरी घनता सहापटींपेक्षा जास्त वाढू शकत नाही. चेपण्यालाच मर्यादा आहे.

तापमानाचे डाग आधीपासूनच असतील तर हिशेब बदलतो. गरम म्हणजे विरळ हवेचा गोळा शॉकमध्ये शिरला, की आजूबाजूच्या जड हवेपेक्षा त्याच्या वेगात जास्त घट होते. दोघांत ओढाताण होऊन सीमेवर भोवरे उठतात. वेगवान हवा गरम की थंड, यावरही वाढ अवलंबून असते. विमानाच्या पृष्ठभागालगतच्या थरात वेगवान हवा साधारणपणे थंड आणि संथ हवा गरम असते. नेमकी हीच जोडी शॉकमागची खळबळ अधिक भडकवते. दोन वेगळ्या घनतेच्या वायूंमधल्या सीमेवर शॉक आदळला की त्या सीमेला लोळ फुटतात. रॉबर्ट रिश्टमायर यांनी १९६० साली ते गणितात मांडलं आणि येव्हगेनी मेश्कोव्ह यांनी १९६९ साली प्रयोगात दाखवलं. लेझरने इंधनाची इवलीशी गोळी चेपून अणुसंमीलन घडवू पाहणाऱ्यांना हे लोळ चांगलेच छळतात, कारण कवचाचा माल इंधनात मिसळतो आणि गाभा थंड होतो.

आतापर्यंत पडदा सुरकुतला, पण अखंड राहिला. खळबळ फार मोठी आणि शॉक दुबळा असेल तर? मग पडदा फाटतो. काही ठिकाणी अचानक उडीच्या जागी दाब सावकाश, उतारावरून चढावा तसा वाढतो. काही ठिकाणी एकामागे एक दोन-तीन छोट्या उड्या दिसतात. कुठलं होईल हे सांगणारी ढोबळ तुलना सोपी आहे: भोवऱ्यांचा वेग ध्वनीच्या वेगाच्या कितवा हिस्सा आहे, आणि शॉकचा माख अंक एकपेक्षा किती वर आहे. पहिला आकडा दुसऱ्याच्या सुमारे ०.६ पट झाला, की पडदा भोकं पडण्याच्या उंबरठ्यावर येतो.

ही तुलना सुरुवातीच्या धडाक्याला लावून पाहू. कॉन्कॉर्ड या ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमानाचा धडाका जमिनीवर सुमारे ९३ पास्कलचा असे. वातावरणाचा दाबच लाखभर पास्कल, म्हणजे उडी एक हजारांश भागाएवढीही नाही. एवढ्या शॉकमुळे हवेच्या वेगात पडणारा फरक काढला तर तो सेकंदाला पाव मीटरच्या आतच येतो. आणि दुपारच्या तापलेल्या हवेत साध्या झुळका सेकंदाला एक-दोन मीटर सहज इकडेतिकडे होतात. कानाला दणदणीत वाटणारा धडाका हवेच्या दृष्टीने झुळुकेपेक्षाही किरकोळ आहे! मग खळबळीने त्याला हवा तसा वाकवला तर त्यात आश्चर्य नाही. जिथे पडदा आत वळतो तिथे ऊर्जा एकवटते आणि आवाज टोकदार होतो. जिथे बाहेर वळतो तिथे ती पसरते आणि आवाज बोथट होतो. शेजारच्या मायक्रोफोनमधला फरक इथून येतो.

संगणकावर हे सगळं उतरवणं मात्र फार कठीण आहे, आणि अडचण नुसती यंत्राच्या ताकदीची नाही. शॉक हाताळणाऱ्या गणिती पद्धती उडी सांभाळण्यासाठी थोडा कृत्रिम चिकटपणा मिसळतात, नाहीतर उत्तरात खोट्या लहरी उठतात. बारीक भोवऱ्यांना मात्र हाच चिकटपणा मारून टाकतो. एकाला जे औषध तेच दुसऱ्याला विष. म्हणून पडदा जिथे आहे तिथेच चिकटपणा घालायचा आणि इतरत्र जराही नाही, अशा पद्धती बनवाव्या लागल्या. सांगसान ली, संजीवा लेले आणि परविझ मोईन यांनी १९९३ साली दुबळ्या शॉकमधून जाणारी खळबळ कुठलंही मॉडेल न लावता, प्रत्येक भोवरा मोजत संगणकावर सोडवली. चारेक वर्षांत जोरदार शॉकही जमला. २००९ साली योहान लार्सन आणि लेले यांनी शॉकमागे गणनेची जाळी, म्हणजे जागेचे पाडलेले छोटे कप्पे, बरीच बारीक हवी हे ठळक केलं, कारण तिकडचे सर्वांत लहान भोवरे आणखी लहान होतात. जाळी पुरेशी बारीक झाल्यावर कोल्मोगोरोव्ह यांचा मुद्दा नजरेला पडला: बारीक भोवरे शॉकमागे लवकरच दिशा विसरतात, मोठे मात्र एकांगीपणा बराच काळ धरून राहतात. मग २०१४ साली जेयंग र्‍यू आणि डॅनिएल लिव्हेस्कू यांनी दाखवलं, की शॉकची जाडी सर्वांत लहान भोवऱ्यांच्या तुलनेत जसजशी नगण्य होते, तसतशी संगणकाची उत्तरं रिब्नर यांच्या गणिताकडे सरकतात. ६० वर्षांनी आलेली ही पावती मला फार मोलाची वाटते.

इंजिनिअरना रोजच्या कामात प्रत्येक भोवरा मोजणं परवडत नाही. ते खळबळीची सरासरी सांगणारी मॉडेल वापरतात. या मॉडेलांची एक जुनी खोड होती: शॉकमध्ये खळबळ ती वाजवीपेक्षा फारच जास्त वाढवत. कारण त्यांच्या लेखी शॉक म्हणजे जागची न हलणारी भिंत, वेगाची उतरण अतिशय तीव्र, आणि उतरण तीव्र म्हणजे खळबळीची पैदासही अफाट. कृष्णेंदू सिन्हा, कृष्णन महेश आणि ग्रॅहम कँडलर यांनी २००३ साली हा दोष दुरुस्त करण्याचा मार्ग दाखवला. येणाऱ्या भोवऱ्यांबरोबर भिंत स्वतः पुढे-मागे डोलते, आणि या डोलण्यामुळे पैदास कमी होते. ते डोलणं हिशेबात घेतलं, की आकडे ताळ्यावर येतात.

खऱ्या यंत्रांमध्ये ही गाठ बहुतेक वेळा पृष्ठभागाजवळ पडते: पंखावर, इंजिनाच्या तोंडाशी, रॉकेटच्या नोझलमध्ये. पृष्ठभागाला चिकटून संथ हवेचा पातळ थर असतो, आणि तोच खळबळीने भरलेला असतो. शॉकमागच्या वाढलेल्या दाबापुढे या थरातली दमलेली हवा टिकाव धरत नाही. ती पृष्ठभाग सोडून उचलली जाते, काही वेळा उलटी वाहू लागते, आणि शॉकच्या पायाशी एक फुगा तयार होतो. हा फुगा श्वास घेतल्यासारखा फुगतो-आकसतो, आणि शॉक त्याच्याबरोबर पुढे-मागे सरकतो. चक्रावून टाकणारी बाब म्हणजे हा श्वास भलताच संथ असतो. हवेचा वेग सेकंदाला ६०० मीटर आणि थराची जाडी १ सेंटिमीटर धरली, तर थरातले भोवरे सेकंदाला ६० हजार वेळा या प्रमाणात येत-जात असतात. फुगा ५ सेंटिमीटर लांब असेल तर प्रयोगांतून हाती आलेल्या नियमाप्रमाणे त्याचा श्वास सेकंदाला ३६० वेळांच्या आसपास भरतो. दीडशे पटींहून जास्त हळू.

इतक्या चपळ भोवऱ्यांमधून इतकी संथ लय कुठून येते, यावर अनेक वर्षं वाद चालला. एका गटाचं म्हणणं असं, की शॉककडे वाहत येणाऱ्या थरात काही अतिशय लांबलचक, थराच्या जाडीच्या कित्येक पट पसरलेले वेगवान आणि संथ हवेचे पट्टे असतात, आणि ते शॉकला ढकलतात. दुसऱ्या गटाच्या मते लय फुग्यातच आहे: वरून वाहणारी धार फुग्यातली हवा थोडी थोडी ओढून नेते, फुगा आकसतो, मग पुन्हा भरतो, आणि या भरण्या-रिकामं होण्याला वेळ लागतो. अलीकडे दोन्ही कारणं खरी मानली जातात. फुगा लहान किंवा जेमतेम असेल तर थराबरोबर येणारे पट्टे जास्त प्रभावी ठरतात. फुगा मोठा असेल तर त्याची स्वतःची लय वरचढ ठरते.

ही संथ लय धोक्याची असते, कारण विमानाच्या पत्र्याच्या आणि सांगाड्याच्या स्वतःच्या कंपनांची लयही अनेकदा याच टप्प्यात येते. दोन्ही जुळल्या तर धातू थकतो, भेगा पडतात. त्यात फुगा संपून धार पुन्हा पृष्ठभागाला टेकते तिथे उष्णता एकवटते, आणि शॉक सरकला की ती तापलेली जागाही सरकत राहते. म्हणून ध्वनीपेक्षा वेगवान इंजिनांच्या तोंडाशी पृष्ठभागावर बारीक छिद्रं ठेवून थरातली दमलेली हवा आधीच शोषून घेतात, किंवा छोट्या पात्या बसवून वरची ताजी हवा खाली ढवळतात, म्हणजे थर शॉकपुढे उभा राहू शकतो. आणि स्क्रॅमजेटमध्ये, म्हणजे ध्वनीच्या कित्येक पट वेगाने उडण्यासाठीच्या इंजिनात, जिथे हवा इंजिनातून मिलिसेकंदांत आरपार जाते, तिथे हीच भेट उपयोगाला लावतात: इंधनाच्या धारेवर मुद्दाम शॉक आदळवला, की उठणाऱ्या भोवऱ्यांमुळे इंधन आणि हवा लवकर मिसळतात.